वाहकक्षमता चाचणी (डास आणि विषाणू)

एखाद्या भागात सापडणारा डास एखादा विषाणू रक्तातून उचलून, स्वतःच्या शरीरात वाढवून, पुढच्या चाव्यातून दुसऱ्याला देऊ शकतो का, हे प्रयोगशाळेत तपासण्याची पद्धत म्हणजे वाहकक्षमता चाचणी. ज्या डासाला हे जमते त्याला त्या विषाणूचा सक्षम वाहक म्हणतात. ही क्षमता डासाच्या जातीची एकदाच ठरलेली ओळख नसते. एकाच जातीचे दोन शहरांतले डास, किंवा एकाच विषाणूचे दोन वाण, वेगवेगळे निकाल देतात. म्हणून चाचणी स्थानिक डासांवरच करावी लागते.

डासाच्या अंगात विषाणू सापडला म्हणजे तो डास रोग पसरवतो, असा समज सर्रास असतो. पण डेंग्यूच्या रुग्णाला नुकताच चावलेला कोणताही डास चिरडून तपासला, तर त्याच्या पोटातल्या रक्तात विषाणू मिळू शकतो. तो पुढे जातो की पचून जातो, हा खरा प्रश्न. एचआयव्ही असाच पचून जातो. २०२० मध्ये ‘डासांमुळे कोरोना होतो का?’ ही भीती घरोघरी होती. अमेरिकेत कॅन्सस येथील संशोधकांनी करोना विषाणू तीन जातींच्या डासांच्या थेट छातीत टोचून पाहिला, तरीही तो डासांमध्ये वाढला नाही.

नागपूरचा १९६५ चा अनुभव

या विषयात नागपूरला जे स्थान आहे ते शहरातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. १९६५ मध्ये नागपुरात तापाची मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (स्थापना १९५२, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) रुग्णांचे रक्तनमुने तपासले, तेव्हा त्यात चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला. त्याच तपासात दोन रुग्णांच्या रक्तातून ज्ञात विषाणूंपैकी कशाशीही न जुळणारा एक विषाणू निघाला. नागपूर परिसरातल्या ठिकाणावरून त्याला ‘चांदीपुरा’ हे नाव मिळाले, आणि १९६७ मध्ये भट व रॉड्रिग्ज यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

नवा विषाणू हाती आल्यावर तो कोण पसरवतो हे शोधणे ओघानेच आले. पुण्यात टी. आर. राव, के. आर. पी. सिंग आणि सहकाऱ्यांनी तो डासांना देऊन पाहिला, आणि प्रयोगशाळेत डासांनी तो पुढे दिलाही. इथेच थांबले असते तर चांदीपुरा हा डासांचा रोग म्हणून पुस्तकात बसला असता. पण पुढे हाच विषाणू औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) पकडलेल्या वालुमाश्यांमध्ये (डासाहून लहान, रक्त पिणाऱ्या माश्या) सापडला. नंतरच्या प्रयोगांतून दिसले की फ्लेबोटोमस पापाटासी या वालुमाशीत तो मादीकडून अंड्यांत उतरतो आणि मीलनातून नराकडून मादीकडेही जातो. आज वालुमाशीलाच त्याचा मुख्य वाहक मानले जाते.

हा फरक कागदापुरता नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात या विषाणूने मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि निम्म्याहून अधिक आजारी मुले दगावली. २००७ मध्ये विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांनीही ते दुःख पाहिले. वालुमाशी साचलेल्या पाण्यात वाढत नाही. तिच्या अळ्या ओलसर माती, शेणकचरा आणि गोठ्याच्या कोपऱ्यात वाढतात, आणि माशी दिवसा भिंतीच्या भेगांत बसते. गावात चांदीपुराचा रुग्ण निघाला आणि यंत्रणा फक्त टाक्या रिकाम्या करत फिरली, तर श्रम चुकीच्या जागी खर्च होतात. तिथे भेगा लिंपणे आणि घराच्या आतल्या भिंतींवर कीटकनाशक मारणे जास्त उपयोगाचे. वाहक कोण, या उत्तरावर फवारणीचा पंप कुठे वळणार हे अवलंबून असते.

चाचणी कशी करतात

सुरुवात अंड्यांपासून होते. काळ्या रंगाच्या लहान भांड्यात थोडे पाणी आणि काठाला खरखरीत कागदाची पट्टी ठेवून ती वस्त्यांत मांडतात. एडिसची (डेंग्यू-चिकुनगुन्या पसरवणाऱ्या डासाची) मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या पट्टीवर अंडी चिकटवते. नागपूरकरांना हे दृश्य वेगळ्या रूपात परिचित आहे, कारण कूलर हे या शहरातले सर्वांत मोठे अंडीपात्र आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा कूलर रोज चालतो. पाऊस सुरू झाला की तो बंद होतो, पण टाकीत तळाशी पाणी राहून जाते. टाकीच्या भिंतीला चिकटलेली एडिसची अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात. म्हणूनच ‘कोरडा दिवस’ (पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा दिवस) पाळताना टाकी नुसती उपडी करून भागत नाही, ती आतून घासावी लागते.

गोळा केलेल्या अंड्यांतून अळ्या, कोष आणि डास वाढवून एकदोन पिढ्यांची वसाहत तयार करतात. पिढ्या कमी ठेवण्याला कारण आहे. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात वाढलेले डास प्रयोगशाळेला सरावलेले असतात, त्यांच्यावरून नागपूरच्या इतवारीतल्या किंवा जरीपटक्यातल्या डासांबद्दल खात्रीने बोलता येत नाही.

काही दिवसांच्या माद्यांना साखरपाण्यावरून उपाशी ठेवून, विषाणू मिसळलेले रक्त पाजतात. रक्त शरीराइतके, म्हणजे ३७ अंशांना कोमट ठेवून त्यावर पातळ पडदा ताणतात. मादी त्यातून सोंड घालते. एका मिलिलिटरमध्ये साधारण १० लाख ते १ कोटी संसर्गक्षम विषाणू असावेत असे प्रमाण ठेवतात, कारण तापाच्या भरात रुग्णाच्या रक्तातही विषाणू भरपूर असतात. पोट लालभडक फुगलेल्या माद्या थंडीने बधिर करून निवडतात, बाकीच्या बाद. निवडलेल्यांना ७, १४ किंवा आणखी काही दिवस जपतात. हे सारे बंदिस्त, उच्च जैवसुरक्षेच्या कीटककक्षात चालते आणि प्रत्येक डास मोजून आत जातो, मोजून बाहेर निघतो. विषाणू भरलेली एक मादी निसटली तरी ते चालण्यासारखे नसते.

डासाच्या शरीरात विषाणूला अनेक अडथळे पार करावे लागतात. पहिला मध्यआंत्राच्या (आतड्याच्या मधल्या भागाच्या) पेशींत शिरण्याचा, दुसरा तिथून बाहेर पडून शरीरभर पसरण्याचा, तिसरा लाळग्रंथीत शिरण्याचा आणि शेवटचा लाळेत उतरण्याचा. म्हणून ठरलेल्या दिवशी प्रत्येक मादीचे तीन नमुने वेगळे घेतात. धड तपासून संसर्ग झाला का ते कळते. पाय आणि पंख तपासून विषाणू पसरला का ते कळते. आणि सोंड बारीक काचनळीत अर्धा-पाऊण तास घालून जमवलेली लाळ सांगते की डास तो पुढे देऊ शकेल का. समजा ३० माद्यांपैकी २७ च्या धडात, १८ च्या पायांत आणि ६ च्या लाळेत विषाणू मिळाला, तर संसर्गदर ९० टक्के, प्रसारदर ६० टक्के आणि संक्रमणदर फक्त २० टक्के. बातमीत बहुतेक वेळा पहिला आकडा छापून येतो. निर्णय मात्र तिसऱ्यावर घ्यायचा असतो.

नमुन्यात विषाणू जिवंत आहे का हे पेशीसंवर्धनावर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, पाहतात. यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डासपेशींची मूळ मालिका पुण्याची आहे. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये विषाणू संशोधन केंद्रात एडिस अल्बोपिक्टस या एडिसच्याच एका जातीच्या अळ्यांपासून ती तयार केली. नंतर तिच्यातूनच निवडलेला सी६/३६ हा वाण आज असंख्य प्रयोगशाळांत आहे. महाराष्ट्राचे हे योगदान शालेय पुस्तकांत यायला हवे, असे या नोंदीच्या लेखकाला मनापासून वाटते.

तापमान

रक्त पिण्यापासून लाळेत विषाणू उतरेपर्यंतच्या काळाला बाह्य उबवणकाळ म्हणतात. डेंग्यूसाठी तो २५ अंशांना सरासरी सुमारे १५ दिवस, तर ३० अंशांना सुमारे साडेसहा दिवस असल्याचे अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते. बहुतेक चाचण्या २७-२८ अंशांच्या स्थिर तापमानात होतात. नागपुरात मात्र ऑक्टोबरात दुपार तापते आणि पहाट गार पडते, आणि असा चढउतारही निकाल बदलू शकतो. नागपूरसाठी चाचणी करायची तर कक्षाचे तापमान शहराच्या दिवसरात्रीप्रमाणे हलते ठेवावे.

क्षमता आणि प्रत्यक्ष धोका

लाळेत विषाणू देणारा डास गावात साथ आणेलच असे नाही. तो माणसाला किती वेळा चावतो, किती संख्येने आहे आणि किती दिवस जगतो, हेही मोजावे लागते. यात आयुष्याचा भार सर्वांत जड. रोज ९० टक्के माद्या जगत असतील तर १० दिवसांनी सुमारे ३५ टक्के उरतात. रोजचे प्रमाण ८० टक्क्यांवर आले तर जेमतेम ११ टक्के उरतात. उबवणकाळ संपेपर्यंत मादी जगलीच नाही, तर तिची क्षमता व्यर्थ.

कोणता डास कोणता रोग देतो, या गोंधळाचे नागपुरातले ठळक उदाहरण नाग नदीचे आहे. नदीकाठच्या आणि नाल्यांलगतच्या वस्त्यांत रात्री डासांचे ढग उठतात आणि डेंग्यूचा दोष नाल्याला दिला जातो. पण गढूळ नाल्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स क्विन्क्वेफॅशिएटस. तो हत्तीरोगाचा वाहक आहे, डेंग्यू-चिकुनगुन्याचा नाही. डेंग्यू देणारा एडिस इजिप्ती दिवसा चावतो आणि घरातल्या कूलर, रांजण, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये वाढतो. नाला साफ व्हायलाच हवा, लोकांची झोप आणि हत्तीरोग हे दोन्ही त्याला पुरेसे कारण आहे. मात्र त्याने डेंग्यू हटणार नाही. भंडारा-गोंदियाच्या धानबांध्यांत वाढणारा क्युलेक्स ट्रायटेनिओरिंकस हा आणखी वेगळा, तो जपानी मेंदूज्वराचा वाहक.

‘नाही’ असा निकाल देणेही सोपे नसते. झिकाच्या साथीनंतर ब्राझील आणि चीनमधील काही गटांनी क्युलेक्सही झिका पसरवू शकतो असे मांडले. इतर बहुतेक प्रयोगशाळांना तसे आढळले नाही. अशा वेळी त्याच रक्तावर, त्याच दिवशी एडिसच्या माद्या पोसून त्यांना संसर्ग होतो हे दाखवावे लागते. नाहीतर विषाणूच कमजोर होता की डास अक्षम, हे कळत नाही.

निकाल जुने होतात. १९६५ मध्ये नागपुरात आलेला चिकुनगुन्या आशियाई जनुकीय प्रकारचा होता, २००५-०६ मध्ये देशात परतलेला आफ्रिकी वंशाचा. त्याच सुमारास हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर विषाणूच्या आवरणप्रथिनात एकच अमिनो आम्ल बदलले आणि एडिस अल्बोपिक्टसमध्ये तो कितीतरी सहज वाढू लागला. हा बदल पुढे केरळातही दिसला. जुन्या विषाणूवर घेतलेली चाचणी अशा वेळी निरुपयोगी ठरते.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ (माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार) संस्थेची पायाभरणी झाली. शहरातल्या अंड्यांपासून वाढवलेल्या वसाहती अशाच ठिकाणी कायम ठेवल्या पाहिजेत. एडिसची वसाहत तुलनेने सोपी आहे. वालुमाशीची अवघड: अळ्यांना कुजलेल्या सेंद्रिय खाद्याचा थर लागतो, त्यावर बुरशी माजली तर सारी पिढी जाते, आणि अंड्यापासून माशी व्हायला एक महिना किंवा त्याहून जास्त काळ जातो. चांदीपुरा जिथे सापडला त्या शहराने तरीही ती ठेवावी.