जागा घास, जागी कीड

होळी झाली की जळगाव-धुळ्याकडच्या गोठ्यांत हिरव्या चाऱ्याची चणचण सुरू होते. कडबा असतो, पण नुसत्या कडब्यावर म्हैस दूध देत नाही. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याचा भरवसा लसूणघासावर, म्हणजे ल्युसर्नवर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला घास दोनेक महिन्यांत कापणीला येतो आणि पुढे दर 25-30 दिवसांनी विळा चालतो.

थंड देशांतले याचे वाण असे वागत नाहीत. दिवस लहान होऊन गारठा पडला की त्यांचे फुटवे जमिनीलगत बसतात, वाढ थांबते, साखर मुळांत साठते. बर्फातून तगायची ही सोय. या सुप्तावस्थेची 1 ते 11 अशी मोजपट्टी आहे. 1 म्हणजे गाढ झोपणारा, 11 म्हणजे जवळजवळ न झोपणारा. खानदेशात पौषातल्या पहाटे हुडहुडी भरते खरी, पण झोपाळू वाण इथं लावणं म्हणजे ऐन बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवणं.

मात्र घास जागा, तर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, तोही जागा. मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि उबदार हवेत ती पिल्लं आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्लं देऊ लागतात. पानांवर चिकटा, मग शेंडे पिवळे. फवारावं, तर चारा लगेच गोठ्यात जाणार, औषधाचा अंश दुधात उतरणार. म्हणून प्रतिकार बियाण्यातच हवा.

तो आणायची रीत तशी निर्दयच. ट्रेमध्ये हजारो रोपं उगवायची, त्यांच्यावर मुद्दाम मावा सोडायचा. बहुतेक मरतात. जी तगतात त्यांचाच आपसांत संकर करायचा, त्यांच्या बियांवर पुन्हा मावा. असे काही फेरे. घासाच्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या चार प्रती असतात, परागण मधमाश्या करतात आणि स्वपरागण लादलं तर पुढची पिढी खुरटते. त्यामुळे गव्हासारखं एकसारखं शुद्ध वाण इथं बनत नाही. वाण म्हणजे निवडक रोपांचा मिश्र समूह. निम्म्याहून अधिक रोपं तगली तरी त्याला ‘उच्च प्रतिकारक्षम’ म्हणतात!

अमेरिकेत 1954 मध्ये ठिपकेदार मावा आला, तेव्हा ‘आफ्रिकन’ या न झोपणाऱ्या वाणातून अशीच रोपं निवडून ‘मोआपा’ तयार झालं. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात निळा मावा उतरला आणि मोआपा त्याच्यापुढे हरलं. मग निळ्या माव्यालाही तोंड देणारं ‘कफ 101’ हे वाण आलं. पानं खाणाऱ्या सोंडकिड्याच्या अळीविरुद्ध मात्र इतका पक्का प्रतिकार अजून साधलेला नाही.

आपल्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘आरएल-88’ हे लसूणघासाचं वाण परिचित आहे. माझ्या मते खानदेशासाठी पुढची निवड इथल्याच माव्यावर व्हावी, आणि मेच्या 44 अंशांतून जगलेल्या जुन्या वाफ्यांतली रोपं त्यात आधी घ्यावीत.