सातशे एमबीच्या मापातले सिनेमे: डीव्हीडी ते फाइल या प्रवासाची पार्श्वभूमी

जुन्या हार्ड डिस्कवर अजूनही अशा फाइली सापडतात: नावाच्या शेवटी 'सीडी १' आणि 'सीडी २', आकार प्रत्येकी ६९९ एमबी, फॉरमॅट एव्हीआय. सिनेमा एकच, पण मध्यंतराच्या आसपास कापलेला. आज हँडब्रेक हा प्रोग्राम उघडून डीव्हीडीची फाइल करणाऱ्याला हा आकडा विचित्र वाटेल, कारण फाइल किती एमबीची हवी हे आता कोणी आधी ठरवत नाही. पण २००० नंतरची सात-आठ वर्षं चित्राची रुंदी, आवाजाचा दर, एन्कोडिंगचे पास, सगळं ८० मिनिटांच्या, म्हणजे ७०० एमबीच्या कोऱ्या सीडीत काय मावतं यावर बेतलेलं असे.

डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये विक्रीला आली आणि अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये. एका थराच्या तबकडीत ४.७ जीबी, दोन थरांच्या तबकडीत ८.५ जीबी. चित्र एमपेग-२ या दाबून लहान करायच्या पद्धतीत, जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट प्रति सेकंद; पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ आणि एनटीएससी या अमेरिकेतल्या पद्धतीत ७२० बाय ४८०. आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीत. तबकडीवरच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये सिनेमा १ जीबीपेक्षा मोठ्या नसलेल्या व्हीओबी फाइलींमध्ये तोडून ठेवलेला असतो आणि त्या कोणत्या क्रमाने वाजवायच्या हे आयएफओ फाइलीत लिहिलेलं असतं. इथेच नवशिके फसतात. व्हीओबी फाइली नुसत्या एकापुढे एक जोडल्या तर शून्य क्रमांकाच्या फाइलीतला मेनू सुरुवातीला येऊन बसतो, आणि मधेच वेळेची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली की पुढचा आवाज घसरतो. म्हणून फाइल नव्हे, अख्खा फोल्डर किंवा आयएसओ (तबकडीची हुबेहूब प्रत असलेली एक फाइल) प्रोग्रामला द्यायचा.

आपल्याकडे मात्र त्याआधी व्हीसीडीचं राज्य होतं. ३५२ बाय २८८ चं एमपेग-१ चित्र, ११५० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), एका तबकडीत साधारण ७४ मिनिटं. हिंदी-मराठी सिनेमाला दोन, कधी तीन तबकड्या लागत. मध्यंतराला उठून सीडी बदलायची सवय घरोघरी होतीच, त्यामुळे पुढे संगणकावर दोन सीडींचे रिप, म्हणजे तबकडीवरून काढलेल्या फाइली, आले तेव्हा त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. डीव्हीडी खऱ्या अर्थाने घरोघरी पोचली ती २००७ मध्ये, मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्यावर.

विकत मिळणाऱ्या बऱ्याच तबकड्यांवर सीएसएस नावाचं कुलूप असे. त्याची किल्ली ४० बिटांची, म्हणजे जन्मापासूनच तोकडी. ऑक्टोबर १९९९ मध्ये ते उघडणारा डीसीएसएस हा छोटा प्रोग्राम बाहेर आला. तो प्रसिद्ध करणाऱ्यांपैकी नाव पुढे आलं ते नॉर्वेतल्या पंधरा वर्षांच्या यॉन लेक योहानसेनचं. त्याच्यावर खटला झाला. जानेवारी २००३ मध्ये तो निर्दोष सुटला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही सुटला. तोवर व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅन मंडळींची लिबडीव्हीडीसीएसएस लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) आली होती. एखाद्या प्लेअरची किल्ली चालली नाही तरी ती गणिताने कुलूप उघडू शकते. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. स्वतःच्या लग्नाची, स्नेहसंमेलनाची किंवा नाटकाच्या तालमीची डीव्हीडी असेल तर हा प्रश्नच येत नाही; त्यावर कुलूप नसतंच.

कुलूप उघडलं तरी ८ जीबी ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरलाच. त्याचं पहिलं उत्तर चोरीचं होतं, हे मान्य करायला हवं. मायक्रोसॉफ्टने एमपेग-४ चा आपला कोडेक (चित्र दाबणारा आणि उलगडणारा प्रोग्राम) स्वतःच्या एएसएफ फाइलींपुरता बांधून ठेवला होता. फ्रान्सच्या जेरोम रोटाने ती गाठ सोडवून तो एव्हीआयमध्ये चालवला आणि नाव दिलं डिव्हएक्स, पुढे डोळा मारणाऱ्या चिन्हासकट. अमेरिकेत तेव्हा फसत चाललेल्या त्याच नावाच्या भाड्याच्या डीव्हीडी योजनेची ती टिंगल होती. हॅक केलेल्या मालावर धंदा उभा राहत नाही, म्हणून कंपनी काढून कोडेक नव्याने लिहायला घेतला आणि २००१ च्या सुरुवातीला ओपनडिव्हएक्स या नावाने त्याचं सोर्स खुलं केलं. काही महिन्यांत कंपनीने दार लावून घेतलं. बाहेरून हातभार लावणाऱ्यांनी तोच कोड पुढे नेला आणि नाव उलटं वाचून एक्सव्हिड केलं. जीपीएल या मुक्त परवान्याचा हा कोडेक पुढची सहा-सात वर्षं या कामाचा मुख्य बैल होता.

आता त्या ७०० एमबीचं गणित. ७०० एमबी म्हणजे सुमारे ५८७ कोटी बिट. दोन तासांच्या सिनेमाचे ७२०० सेकंद. भागाकार येतो ८१५ केबीपीएस. त्यातून एमपी३ आवाजाचे १२८ वजा केले की चित्राला ६८७ उरतात. रुंद पडद्याचा सिनेमा ६४० बाय २७२ वर आणला तर सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला ०.१५८ बिट येतात. एक्सव्हिडसाठी हे काठावर पास. पण जुना, चौकोनी चित्राचा, तीन तासांचा हिंदी सिनेमा घ्या: चित्राला उरतात ४१६ केबीपीएस, आकार ६४० बाय ४८०, आणि प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला फक्त ०.०५४ बिट. तिसरा हिस्सा! पावसाच्या गाण्यात पडद्यावर फरशा बसवल्यासारखे चौकोन दिसायचे ते यामुळे. दोन सीडी घेतल्या की हाच आकडा ०.१२५ होतो. आपले सिनेमे दोन सीडींत का आणि हॉलिवूडचे एकीत का, याचं कारण एवढंच. उपलब्ध बिट नीट वाटायला दोन पास करावे लागत: पहिल्यात कुठे किती गडबड आहे ते मोजायचं, दुसऱ्यात प्रत्यक्ष एन्कोड. संगणक रात्रभर चालू ठेवून झोपायचं.

एव्हीआयचा त्रास वेगळाच. हे कंटेनर, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारी फाइलीची रचना, १९९२ मधलं. त्यात फ्रेमगणिक वेळ लिहायची सोयच नाही. डीव्हीडीतून आवाज सुटा काढला की फाइलीच्या नावात 'डिले -८० एमएस' असं काही तरी येई. जोडताना तो आकडा भरायला विसरलं की ओठ आणि शब्द जुळत नसत. सिनेमाभर फरक सारखाच असेल तर दोष या विसरलेल्या आकड्याचा. हळूहळू वाढत जाणारा फरक निराळा, तो बहुधा फ्रेमरेट चुकल्याचा. शिवाय यूएसबी आणि डिव्हएक्सची चिठ्ठी लावलेले घरगुती डीव्हीडी प्लेअर एक्सव्हिडमधले क्यूपेल आणि जीएमसी हे दोन पर्याय चालू असले की अडखळत किंवा फाइल घेतच नसत. ते बंद ठेवणं हा अलिखित नियम.

इथे फुकट आणि मुक्त यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. विंडोजवर तेव्हा लोकप्रिय असलेले डीव्हीडी डिक्रिप्टर आणि डीव्हीडी श्रिंक फुकट होते, पण त्यांचं सोर्स बंद होतं. २००५ मध्ये कायदेशीर दबाव आला, डिक्रिप्टरच्या लेखकाने काम थांबवलं आणि विषय संपला. एफएफएमपेग (फाब्रिस बेलार्ड, २०००), एमप्लेअरसोबतचा एमएन्कोडर आणि व्हर्च्युअलडब या मुक्त साधनांचा कोड मात्र कोणाच्या एकट्याच्या हातात नव्हता. एक जण थकला तर दुसरा उचलतो.

मे २००३ मध्ये एच.२६४ हे मानक मंजूर झालं आणि २००४ मध्ये लोराँ एमारने एक्स२६४ हा मुक्त एन्कोडर सुरू केला. लोरेन मेरिट आणि इतरांनी तो इतका घासूनपुसून घेतला की विकत मिळणाऱ्या एन्कोडरनाही त्याच्याशी तुलना सोसेना. त्याने आणलेली खरी उलथापालथ म्हणजे सीआरएफ. किती एमबी हे सांगायचंच नाही. चित्र किती चांगलं हवं तेवढा एक आकडा द्यायचा आणि फाइल होईल तेवढी होऊ द्यायची. आकडा ६ ने वाढवला की बिटरेट साधारण निम्मा होतो. सिनेमा बोलका आणि संथ असेल तर फाइल लहान, जुन्या फिल्मचे दाणे भरपूर असतील तर मोठी. हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह स्वस्त झाल्यावर सातशेच्या मापाला काही अर्थ उरला नव्हता. सीआरएफने त्याला रजा दिली.

हँडब्रेक २००३ मध्ये एरिक पेटीने बीओएस या आता विस्मृतीत गेलेल्या प्रणालीसाठी लिहिला. मध्यंतरी काम थंडावलं तेव्हा इतरांनी मीडियाफोर्क नावाने फाटा काढला आणि २००७ मध्ये दोन्ही पुन्हा एकत्र आले. नोव्हेंबर २००९ च्या ०.९.४ आवृत्तीत त्यांनी एव्हीआय आणि एक्सव्हिड दोन्ही काढून टाकले. तेव्हा ओरड झाली, पण निर्णय बरोबर होता. १.० आवृत्ती यायला २४ डिसेंबर २०१६ उजाडला! एमपी४ आणि एमकेव्ही या कंटेनरांत पिक्सेलचं प्रमाण लिहिता येतं, त्यामुळे चित्र ६४० वर आणायची गरज राहिली नाही. ७२० बाय ५७६ तसंच ठेवायचं, प्लेअर ते १०२४ बाय ५७६ इतकं ताणून दाखवतो. माणसं उभट दिसू लागली तर समजावं की हे प्रमाण कुठे तरी हरवलंय.

सबटायटलचा घोळ अजून संपलेला नाही. डीव्हीडीवर ते अक्षरं म्हणून नसतात, चार रंगांची चित्रं म्हणून असतात. एमकेव्हीत ती जशीच्या तशी ठेवता येतात. एमपी४ हवं असेल तर बहुधा चित्रावर कायमची छापावी लागतात, किंवा ओसीआर करून (चित्रातली अक्षरं ओळखून) एसआरटी ही मजकुराची फाइल बनवावी लागते.

आज साध्या डीव्हीडीसाठी हँडब्रेकमध्ये एक्स२६४, आरएफ १८ ते २२ (सीआरएफचंच हे तिथलं नाव), वेग 'स्लो', कंटेनर एमकेव्ही, आणि आवाज आहे तसा पासथ्रू एवढं पुरतं. सिनेमा फिल्मवरून आलेला एनटीएससी असेल तर डीटेलिसिन चालू करायचं, कारण २४ फ्रेमच्या २९.९७ केलेल्या असतात. पाल असेल तर चित्रपट २५ वर पळवलेला असतो: १५० मिनिटांचा १४४ मिनिटांत संपतो आणि गाण्याची पट्टी किंचित चढलेली असते. तो दोष रिपचा नव्हे.

लग्नाच्या डीव्हीडींचं काम मात्र वेगळं आणि आता घाईचं. हे चित्रीकरण इंटरलेस्ड असतं, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. अंतरपाट दूर होऊन हार घालताना हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात ते त्यामुळे. डीइंटरलेसमध्ये 'बॉब' निवडलं की त्याच ५० पूर्ण फ्रेम होतात आणि हालचाल गुळगुळीत राहते. चित्र मागे-पुढे थरथरलं तर फील्डचा, म्हणजे या अर्ध्या चित्रांचा, क्रम उलटा पडलेला असतो. तो बदलून पुन्हा करायचं. पण त्याआधी तबकडी वाचली जायला हवी. घरी राइट केलेल्या डीव्हीडी-आरमधलं रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने खराब होतं, वाचन बहुधा बाहेरच्या कडेपासून अडकायला लागतं, आणि हँडब्रेक अशा तबकडीवर तासन्‌तास घुटमळतो. अशा वेळी आधी जीएनयू डीडीरेस्क्यू या खराब तबकडीतला डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने ब्लॉकचं माप २०४८ बाइट ठेवून आयएसओ काढावी. पहिल्या फेरीत अडलेले भाग सोडून सगळं उचलायचं, दुसऱ्या फेरीत फक्त अडलेल्या सेक्टरवर तीनदा प्रयत्न. काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद तो एका मॅप फाइलीत ठेवतो. ती पुसू नये. तबकडी दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅप फाइल दिली की फक्त राहिलेले सेक्टर पुन्हा वाचले जातात, आणि एका ड्राइव्हने नाकारलेला भाग दुसरा पुष्कळदा निमूट वाचून देतो.