ऐनाच्या खोडातलं पाणी आलं कुठनं?

मार्च 2024 मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा नॅशनल पार्कचा एक व्हिडिओ फिरला होता, वनखात्याच्या लोकांनी ऐनाच्या झाडाच्या खोडावर घाव घातला आणि पाण्याची धारच लागली. तो अजूनही उन्हाळा आला की आमच्या बेळगाव-खानापूरच्या ग्रुपवर येतोच, आणि खाली कुणीतरी लिहितंच, देवाची करणी आणि नारळात पाणी. तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ऐन आपल्याकडेही आहे की, खानापूरच्या जंगलात भेगाळलेल्या चौकोनी खवल्यांच्या सालीचं ते झाड सहज ओळखता येतं, पण म्हणून कोयता घेऊन कुणी जाऊ नका, सालीला झालेली जखम झाडाला महागात पडते.

झाड पाणी तयार करत नाही, खोडात जे साठतं ते मुळांनी मातीतनं ओढलेलं असतं. म्हणजे खरा प्रश्न असा की मार्च-एप्रिलमध्ये, शेवटचा दमदार पाऊस होऊन पाचसहा महिने झाले असताना, मातीत पाणी राहतं कसं?

आपल्याकडे पाऊस मोजायची सवय आहे. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-आमगावला काही वर्षी पाच हजार मिलीमीटरच्या वर पडतो, तिकडे बेळगाव जिल्ह्यातल्याच कोरड्या अथणीला अख्ख्या वर्षात 500-600, मग लोक म्हणतात खानापूरच्या झाडांना काय कमी आहे. पण पडलेला पाऊस झाडाला मिळतोच असं नाही, बराचसा मलप्रभेतनं आणि म्हादईतनं निघून जातो. झाडाला कामाचं पाणी म्हणजे मातीत अडकून राहिलेली ओल, आणि ती किती आहे यापेक्षा ती मातीने किती घट्ट धरून ठेवलीय हे जास्त महत्त्वाचं. मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, म्हणून इथं जरा थांबतो.

मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. जोराचा पाऊस झाला की त्या सगळ्या भरतात, मग मोठ्या पोकळ्यांतलं पाणी वजनाने खाली निघून जातं आणि एकदोन दिवसांनी, भारी जमिनीत त्याहून जास्त दिवसांनी, वाफसा येतो, म्हणजे जमीन ओली असते पण चिखल नसतो. आता उरलेलं पाणी साधारण 10 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक पोकळ्यांत असतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या साताठव्या हिश्श्याएवढ्या जागेत, आणि ते खाली पडत नाही कारण पाणी कणांना चिकटतं आणि स्वतःलाही धरून राहतं. पोकळी जितकी बारीक तितकी पकड जास्त. ओला टॉवेल पिळताना पहिलं पाणी आपोआप गळतं, मग जोर लावावा लागतो, आणि शेवटी टॉवेल हाताला ओला लागतो पण थेंब काही निघत नाही, तसंच हे आहे. वाफशाला ही पकड सुमारे पाव ते तृतीयांश बार असते, आणि 15 बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास 15 पट झाली की बहुतेक पिकं कायमची माना टाकतात. तेव्हा पाणी उरलेलं असतं ते 0.2 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक पोकळ्यांत. म्हणून चिकण काळ्या मातीत वजनाच्या 18-20 टक्के पाणी असूनही पीक सुकू शकतं आणि वाळूसर जमिनीत सहासात टक्क्यांवरही तग धरतं. हातात घेतलेली माती ओली लागली म्हणजे झाडाला पाणी आहे असं नाही.

आता ओढायचं कुणी? तर पानांनी. पानावरच्या बारीक छिद्रांतनं पाण्याची वाफ होते, त्याने खोडातल्या पाण्याच्या सलग दोरीवर ताण येतो आणि तो ताण थेट मुळापर्यंत पोचतो. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी 1894 साली हे मांडलं. मातीची पकड वाढत गेली की ताणही वाढतो, फार वाढला तर दोरीत हवेचे बुडबुडे शिरतात आणि ती तुटते. हे टाळायला मूळ सुकायला लागलं की झाडात अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड हे संप्रेरक वाढतं आणि पानांची छिद्रं मिटतात. पण त्याच्याही आधी वाढ थांबते, कारण पेशी मोठी व्हायला आतनं पाण्याचा दाब लागतो. झाड हिरवं दिसतंय आणि वाढत मात्र नाहीये, यामागं बऱ्याचदा हेच असतं.

मग खानापूरजवळ जांबोटीच्या रस्त्याला भर मार्चमध्ये कुसुमाच्या झाडाला लालभडक पालवी कशी फुटते, एक वळीव पडलेला नसताना? तर जुनी पानं गळली की वाफ व्हायची थांबते, खोल मुळं खालच्या थरातली ओल वर आणत राहतात, खोड पुन्हा भरतं आणि कळ्या फुटण्याइतका दाब तयार होतो. काही झाडं तर रात्री छिद्रं मिटल्यावर खालचं पाणी वरच्या कोरड्या थरात मुळांवाटे सोडतात, 1987 साली रिचर्ड्स आणि काल्डवेल यांनी अमेरिकेतल्या एका झुडपात हे मोजून दाखवलं आणि नंतर बऱ्याच जातींत ते सापडलं.

आपल्या शेतकऱ्यांना ओलीचं गणित चांगलं कळतं. येळ्ळूरच्या काळ्या शिवारात भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर-हरभरा येतो, आणि एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हणतात ते खरंच आहे, कोळप्याने भेगा बुजतात आणि वरची माती भुसभुशीत होऊन खालचं पाणी वर चढायची वाट तुटते. जंगलात हेच काम पालापाचोळा करतो. तो झाडून नेला किंवा वणव्यात गेला की जमीन उघडी पडते, पावसाचे थेंब तिचं तोंड बुजवतात, पाणी मुरायच्या ऐवजी वाहतं.

जूनमध्ये फोटो काढून लावलेली रोपं फेब्रुवारीत मरतात ती बहुतेक याचमुळं, मूळ अजून हातभर खाली गेलेलं नसतं आणि वरची ओल तुटलेली असते. रोज तांब्याभर पाणी शिंपडलं तर मुळं वरच राहतात. त्यापेक्षा आठदहा दिवसांतनं एकदा बादलीभर, सावकाश, खोल मुरेल असं द्या आणि बुंध्याशी चार बोटं जाड पाला टाका, फक्त खोडाला चिकटवू नका. मिरगाचा पहिला चांगला पाऊस मुरला की लगेच लावलेलं रोप मुळं खाली न्यायला पूर्ण पावसाळा मिळवतं, ऑगस्टच्या शेवटी लावलेल्याला तेवढा वेळच मिळत नाही.