नाव नसलेला मुलगा : कुणबी नोंदींच्या शोधाची पार्श्वभूमी

मराठा समाजाला कुणबी म्हणून ओबीसी आरक्षण मिळावं, या मागणीसाठीचं जालना जिल्ह्यातलं उपोषण सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यभर गाजलं, जुन्या कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली गेली आणि तहसिलांच्या अभिलेख कक्षांतले जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सुटू लागले. खापरपणजोबाच्या नावापुढे 'कुणबी' सापडलं, तर खापरपणतवंडांच्या कुणबी दाखल्याचा रस्ता मोकळा.

पण सापडायचं कसं? एकोणिसाव्या शतकातल्या गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच. नोंद व्हायची तेव्हा बारसं व्हायचं असे. म्हणून नुसतं 'मुलगा', पुढे बापाचं नाव आणि जात, आडनाव क्वचित. शिवाय सगळं मोडी लिपीत, आणि मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हा मुलगा आपलाच पूर्वज, हे ठरतं ते वारसाच्या फेरफारावरून, म्हणजे जमीन वारसाच्या नावावर झाल्याच्या नोंदीवरून, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरवरून.

मराठवाड्यात अडचण आणखी मोठी. १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, त्यामुळे बरीच कागदपत्रं उर्दू-फारसीत. हैदराबाद गॅझेटिअरमध्ये, म्हणजे निजामाच्या राज्याच्या माहितीच्या जुन्या सरकारी ग्रंथात, कुणब्यांची संख्या मिळते, माणसांची नावं मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त गुंता झाला तो 'सगेसोयरे' या शब्दाचा. जानेवारी २०२४ च्या सरकारी अधिसूचनेच्या मसुद्यात अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीतल्या लग्नांतून जुळलेले नातेवाईकही त्यात घेतले होते. बोलताना आपण हा जोडशब्द सहज वापरतो. पण सगा रक्ताचा आणि सोयरा लग्नाचा. जात आजवर बापाच्या बाजूने ठरत आली, म्हणजे भावकीतून. मामाच्या किंवा व्याह्याच्या नोंदीवर दाखला मिळणार का, यावर लाखांनी हरकती आल्या. ओबीसी संघटनांना यात मागचं दार दिसलं. आंदोलकांचं म्हणणं, सोयरीक जातीतच होते, मग सोयरा परका कसा? माझ्या मते दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, पण मसुदा लिहिणाऱ्यांनी भावकी आणि सोयरीक एका शब्दात कोंबायला नको होती. त्या जुन्या वहीत सोयऱ्याला रकानाच नाही.

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हा शब्द मागे पडला. गावातल्या किंवा कुळातल्या नात्यात कुणाकडे कुणबी दाखला असेल, त्याचं प्रतिज्ञापत्र आणि गावपातळीवरच्या समितीची चौकशी, असा मार्ग आला. जमिनीचा कागद नसेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून त्या भागात राहत असल्याचं प्रतिज्ञापत्रही चालतं. वंशावळ मात्र अर्जदारानेच लिहून द्यायची आहे, आणि वरच्या टोकाला पुन्हा तोच बिननावाचा मुलगा येऊन थांबतो.