रूटची होम डिरेक्टरी /होममध्ये का नसते?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात लिनक्स सर्व्हर उभा करताना कर्मचाऱ्यांच्या फायलींसाठी /होम वेगळ्या डिस्कवर ठेवायचे, हे लवकर ठरते. मग प्रशासकाची म्हणजे रूटची होम डिरेक्टरी (स्वतःच्या फायली आणि सेटिंग ठेवण्याची जागा) तिथेच का नको, असा प्रश्न नव्या सिस्टीम ॲडमिनला पडतो. त्याचे उत्तर लिनक्स ज्या प्रणालीच्या धर्तीवर घडले, त्या युनिक्सच्या इतिहासात आहे.

बेल लॅब्जमध्ये 1969 साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्या सुरुवातीच्या काळात सामान्य वापरकर्त्यांच्या डिरेक्टरी /यूएसआरखाली असत, तर रूटला स्वतंत्र जागाच नव्हती: लॉगिन केले की तो थेट '/' मध्ये, म्हणजे सगळ्या डिरेक्टरींच्या मुळाशी असे. डिस्क लहान होत्या, यंत्र सुरू करण्यापुरत्या आणि दुरुस्त करण्यापुरत्या फायली मूळ डिस्कवर ठेवून बाकीच्या डिस्क नंतर माउंट केल्या जात, म्हणजे प्रणालीला जोडल्या जात. त्यामुळे दुसरी डिस्क बिघडली तरी प्रशासकाला लॉगिन करून दुरुस्ती करता येई. एआयएक्स आणि एचपी-यूएक्स या युनिक्सवर्गीय प्रणालींनी हीच पद्धत पुढे चालवली, आणि सोलारिसने तर 2011 साली आलेल्या अकराव्या आवृत्तीपर्यंत ती सोडली नाही.

या पद्धतीचे तोटे मात्र गंभीर होते. शेलच्या (आज्ञा टाइप करण्याच्या प्रोग्रामच्या) सेटिंगच्या आणि दिलेल्या आज्ञांच्या इतिहासाच्या फायली सगळ्या प्रणालीच्या मुळाशी साचत. त्याहून धोकादायक गोष्ट अशी, की 'सीडी' (होम डिरेक्टरीत जा) एवढीच आज्ञा दिली की रूट '/' मध्ये पोहोचे, आणि आपण कुठे आहोत हे न पाहता 'सगळे पुसून टाक' अशी आज्ञा तिथे दिली गेली तर संपूर्ण प्रणालीच पुसली जाई. बीएसडी या युनिक्सच्या शाखेच्या परंपरेने आणि लिनक्सने म्हणूनच /रूट ही वेगळी डिरेक्टरी स्वीकारली, पण ती ठेवली मूळ पार्टिशनवरच, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात '/' असते तिथेच. माझ्या मते ही तडजोड अतिशय विचारपूर्वक केलेली आहे: घाण साचली तर ती एका कोपऱ्यात राहते, आणि /होमची डिस्क किंवा नेटवर्कवरून येणारे /होम माउंट झाले नाही तरी सिंगल-युजर मोडमध्ये (फक्त दुरुस्तीसाठी प्रणाली सुरू केलेली असताना) प्रशासकाची सेटिंग आणि दुरुस्तीच्या स्क्रिप्ट हाताशी असतात.

लिनक्सच्या डिरेक्टरींची मांडणी ठरवणाऱ्या प्रमाणाची पहिली आवृत्ती फेब्रुवारी 1994 मध्ये आली. त्यातूनच पुढे एफएचएस (फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड) हे प्रमाण घडले, ज्याची 3.0 ही आवृत्ती 2015 ची आहे. एफएचएस /रूटची शिफारस करते, सक्ती करत नाही. मात्र ही डिरेक्टरी मूळ पार्टिशनबाहेर ठेवलीच, तर ती न सापडल्यास रूट '/' मध्ये जाईल याची खात्री करून घ्यावी, असे बजावते. उबुंटूने 2004 पासून रूटचे थेट लॉगिन बंद ठेवून सुडोचा (सामान्य वापरकर्त्याला एकेका आज्ञेपुरते रूटचे अधिकार देणाऱ्या साधनाचा) मार्ग घेतला, तरी /रूट तिथेही आहे.

त्याच प्रमाणातील आणखी एका सूचनेकडे मात्र आज सर्रास दुर्लक्ष होते. रूट हे खाते केवळ प्रशासनासाठी वापरावे आणि त्याची टपाल एखाद्या सामान्य वापरकर्त्याकडे वळवावी, असे तिथे म्हटले आहे. प्रत्यक्षात डेटाबेसचे बॅकअप आणि उतरवून घेतलेल्या इन्स्टॉलरच्या फायली /रूटमध्येच टाकल्या जातात. मूळ पार्टिशन त्याने भरले आणि लॉगही त्याच पार्टिशनवर असतील, तर नोंदी लिहिणे थांबते आणि सेवा अडखळू लागतात. बॅकअपसाठी वेगळी डिस्क माउंट करावी, आणि /रूटमध्ये दुरुस्तीला लागणाऱ्या मोजक्या स्क्रिप्टच ठेवाव्यात.