लाल चौकटीच्या गोळ्या मुदतीआधी संपल्या तर
(मालवण आणि आजूबाजूच्या गावांतून आमच्या मेडिकलमध्ये येणाऱ्या ग्राहकांसाठी)

महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपल्या, आता काय? काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो आणि त्यात तुमचाही वेळ जातो, आमचाही. बीपी-शुगरच्या गोळ्यांबद्दल हे नाही. ज्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो त्या औषधांबद्दल आहे: अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या, दुखण्यावरची ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. १ मार्च २०१४ पासून ही शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीवर आणि नोंद ठेवूनच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. ती देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे.

चिठ्ठी जुनी आहे म्हणून आम्ही अडवतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात जास्त वेळा अडतं ते वेगळ्याच कारणानं. डोस बदललेला असतो, पण चिठ्ठी बदललेली नसते. समजा चिठ्ठीवर लिहिलंय, ‘अल्प्राझोलम ०.२५, रात्री १, ३० दिवस’. मध्येच त्रास वाढला म्हणून तुम्ही कोल्हापूरच्या नाहीतर गोव्यातल्या बांबोळीच्या डॉक्टरांना फोन केलात. ते म्हणाले, सकाळी अर्धी घेऊन बघा. तुम्ही तसंच केलंत. दिवसाला दीड गोळी झाली आणि ३० गोळ्या २० दिवसांत संपल्या. तुम्ही दुकानात येता तेव्हा आमच्या हातातल्या कागदाप्रमाणे तुमच्याकडे अजून १० गोळ्या शिल्लक हव्यात. तुम्ही खोटं बोलताय असं आम्हाला मुळीच वाटत नाही. पण रजिस्टरमध्ये ‘फोनवर सांगितलं’ असं लिहिता येत नाही. मग आम्ही दवाखान्यात फोन लावतो, डॉक्टर ओपीडीत असतात, कंपाउंडर म्हणतो अर्ध्या तासानं करा, आणि तोवर तुमची देवबागची गाडी निघून जाते.

म्हणून डोस बदलला की गोळ्या संपायची वाट न बघता नवी चिठ्ठी घ्या. तिच्यावर औषध, डोस, एकूण गोळ्या, तारीख आणि सही एवढं नीट असू द्या. एकूण गोळ्यांचा आकडा डॉक्टर घाईत लिहायचे राहतात, तो आठवणीनं मागा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोनं काम होत नाही. २०२० मध्ये सरकारनं दूरवैद्यक सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अल्प्राझोलम, झोल्पिडेमसारखी औषधं फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून द्यायला मनाई आहे. घाट चढून लगेच जाणं होत नसेल तर इथल्या ग्रामीण रुग्णालयात, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना जुनी फाइल दाखवा. तपासून त्यांना योग्य वाटलं तर तेही लिहून देऊ शकतात.

चिठ्ठीवर शिक्का का मारता, ती खराब होते, ही दुसरी तक्रार. औषध दिल्यावर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख डॉक्टरांच्या सहीच्या वर टाकायची, हे १९४५ च्या औषध नियमांतच आहे. आणि डॉक्टरांनी ‘पुन्हा द्यावे’ असं लिहिलं नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच देता येतं. दर महिन्याला जाणं जड जात असेल तर किती वेळा आणि किती दिवसांनी द्यायचं ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या.

‘इतक्या वर्सांची वळख, एक पाकीट देवक काय जाता?’ असं म्हणणारी माणसं आमचीच आहेत, आणि त्यांना नाही म्हणणं आम्हालाही जड जातं. तरी नाही म्हणतो. या गोळ्यांची सवय लागते, मग तेवढ्याच डोसनं झोप येईनाशी होते आणि माणूस आपल्या मनानं अर्धी-एक वाढवतो. गोळ्या लवकर संपू लागल्या की बऱ्याचदा हीच पहिली खूण असते. घरच्यांच्या आधी ती आमच्या रजिस्टरमध्ये दिसते, आणि आम्ही ती पेशंटला बाजूला घेऊन सांगतो, चार लोकांसमोर नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. रोज घेत असलेली ही गोळी एकदम बंद करू नका. झोप उडते, हात थरथरतात, छातीत धडधडतं, काहींना फिटही येते. त्यामुळे चिठ्ठी बरोबर असेल तर गोळ्या संपायच्या चार-पाच दिवस आधी पुढच्या आम्ही आनंदानं देतो. शेजारणीच्या डब्यातल्या दोन मात्र घेऊ नका आणि आपल्या तिला देऊ नका.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी मूळ चिठ्ठी पिशवीत टाकूनच निघावं. रिकामं पाकीट दाखवून या गोळ्या मिळत नाहीत. प्रवासात गोळ्या हरवल्या, भिजल्या, तर तसं खरं सांगा. इथले कोणते डॉक्टर त्या दिवशी बसतात ते आम्ही लगेच सांगू.

मुलांच्या अतिचंचलतेवर देतात त्या मिथाइलफेनिडेटसारखी शेड्यूल एक्सची, म्हणजे याहून कडक यादीतली औषधं आमच्याकडे नसतात. त्यांना वेगळं लायसन्स आणि चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात.

आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक पाकिटासोबत पुढच्या खेपेची तारीख आम्ही लिहून देतो. वयस्कर माणसांसाठी सात खणांची डबी आहे. ती दुकानात घेतलीत तर पहिल्या आठवड्याच्या गोळ्या आम्हीच भरून दाखवतो, म्हणजे दोनदा घेतली की राहिली हा घोळ होत नाही. या गोळ्यांचा साठा आम्ही मोजकाच ठेवतो. पावसात करूळ किंवा भुईबावडा घाट बंद झाला की माल यायला उशीर होतो, तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये चिठ्ठी आठवडाभर आधी दाखवून ठेवा, तुमच्या नावानं पाकीट बाजूला काढून ठेवू.