राणीच्या बागेतल्या पुष्पप्रदर्शनाची मुळं

जानेवारी संपत आला की भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं पुष्पप्रदर्शन भरतं. शुक्रवार ते रविवार असे साधारण तीन दिवस. डेलिया, पिटुनिया, शेवंती, साल्व्हिया यांच्या कुंड्यांच्या रांगा, कुंडीत वाढवलेली वांगी-टोमॅटो, औषधी वनस्पती, बोन्साय आणि मधोमध फुलापानांनी मढवलेल्या मोठमोठ्या प्रतिकृती. शाळांच्या सहली येतात, लालबाग-परळ-माझगावची कुटुंबंच्या कुटुंबं येतात, आणि प्रतिकृतींभोवती फोटो काढणाऱ्यांची इतकी दाटी होते की मागच्या कुंड्यांवरच्या नावाच्या पाट्या वाचायला वाट काढावी लागते. मला त्या पाट्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात. झाडं मांडायची, त्यांना नावं द्यायची, लोकांना ती बघायला बोलवायची आणि जमलं तर घरी न्यायला रोपं द्यायची, ही रीत मुंबईत जवळपास दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाली. तिची सुरुवात भायखळ्याला झाली नाही. ती शिवडीला झाली.

१८३० मध्ये मुंबईत ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही शेती-बागकामाची संस्था स्थापन झाली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना बागांची आवड होतीच. पुण्याजवळ दापोडीला त्यांनी १८२८ मध्ये वनस्पती उद्यान सुरू करवलं होतं, आणि पुढे १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी ते सांभाळलं. या सगळ्यामागे केवळ हौस होती असं समजायचं कारण नाही. कंपनी सरकारला ऊस, कापूस, मसाले, लाकूड यांत उत्पन्न दिसत होतं. कुठलं झाड इथल्या हवेत तगतं, कुठल्या वाणाला फळ जास्त धरतं, हे करून बघायला जागा हवी होती. सोसायटीची शिवडीची बाग ही अशी जागा होती. शोभेची झाडं या उपयोगी झाडांच्या पाठोपाठ आली.

ती येऊ शकली याला आणखी एक कारण घडलं. १८३० च्या दशकात लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड यांची काचेची बंद पेटी जहाजांवर दिसू लागली. आत रोप आणि ओली माती, वर काच. पानांतून निघालेली वाफ काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते, त्यामुळे पाणी न घालताही रोप महिनोन्‌महिने जगतं आणि खारा वारा आत येत नाही. त्याआधी लांबच्या प्रवासात बहुतेक रोपं वाटेतच मरत. जगभरची जहाजं जिथे लागतात त्या मुंबई बंदराला या पेटीचा किती फायदा झाला असेल! आज आपण ज्यांना अगदी आपली म्हणतो त्यांतली कितीतरी झाडं समुद्र ओलांडून आलेली आहेत. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा, कैलासपतीही तिकडचाच.

शिवडीची बाग मात्र टिकली नाही. शहर वाढत होतं आणि जुनी दफनभूमी अपुरी पडत होती. १८६५ मध्ये पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी ती हीच. सोसायटीने त्याआधीच भायखळ्याला नवी बाग उभारायला घेतली होती. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ उघडली. लोकांनी लगेच तिला राणीची बाग करून टाकलं. १९८० मध्ये तिचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नामकरण झालं, तरी बसच्या कंडक्टरपासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून राणीची बागच आहे.

या बागेला पहिल्यापासून विद्येची जोड होती, आणि हे आपण फार लवकर विसरलो. बागेच्या दारातच संग्रहालय बांधलं गेलं. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट ही त्यामागची माणसं. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं; आज आपण त्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. १८७३ मध्ये बाग पालिकेच्या ताब्यात आली. आणि १५ सप्टेंबर १८८३ रोजी याच संग्रहालयात आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन म्हणजे आपल्या पहिल्या काही महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. औषधी वनस्पतींवर त्यांनी केलेलं काम पाहिलं की प्रदर्शनात आज अडुळसा-गुळवेल मांडलेल्या टेबलासमोर मला त्यांची आठवण येते. याच संस्थेचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि वॉल्टर मिलार्ड यांचं फुलझाडांवरचं सचित्र पुस्तक १९३७ मध्ये निघालं, आणि रस्त्यावरच्या झाडांकडे मान वर करून बघायची सवय मुंबईच्या पुष्कळ वाचकांना त्यातून लागली.

बागेतल्या प्राणिसंग्रहालयात पेंग्विन आल्यापासून गर्दी एकाच दिशेने वाहते. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी माळीदादांना विचारून उर्वशीच्या झाडाखाली जाऊन उभं राहावं. हे झाड म्यानमारचं. १८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिच यांनी साल्वीन नदीच्या परिसरात एका बौद्ध विहाराच्या बागेत ते पाहिलं. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे त्याच फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या. गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अॅमहर्स्ट आणि त्यांची मुलगी सारा यांच्यावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं. फुलोरा झुंबरासारखा खाली लोंबतो. देठसुद्धा लाल, पाकळ्या लालभडक, आणि वरच्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. त्याहून बघण्यासारखी असते ती कोवळी पालवी. तांबूस-गुलाबी पानं जीव नसल्यासारखी फांदीवरून सरळ खाली लटकत असतात, आणि मग हळूहळू हिरवी होत ताठ होतात. बी क्वचितच धरतं, म्हणून हे झाड नर्सरीत सहजी मिळत नाही. अशी झाडं बघायला बागेतच जावं लागतं.

कैलासपतीचं रूप वेगळं. त्याची फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटलेल्या लांब दांड्यांवर येतात, आणि मधला भाग नागफणीसारखा वाकलेला असतो. वास तीव्र असतो, झाड दिसायच्या आधी जाणवतो. गोरखचिंचेचं खोड बघितलं की मुलं हात पसरून त्याला मिठी मारायला जातात. मुलांना या झाडापाशी जरा जास्त वेळ थांबू द्यावं.

पुष्पप्रदर्शनाची कायद्याची बाजूही सांगायला हवी. १९७५ मध्ये महाराष्ट्राने नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्यातून शहरांमध्ये वृक्ष प्राधिकरणं आली. झाड तोडायचं तर या प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मुंबईकरांना मेट्रो आणि रस्त्यांच्या वादांतून चांगलं ठाऊक आहे. पण रोपं तयार करणं आणि लोकांमध्ये झाडांची आवड वाढवणं हेही याच कायद्याने त्यांच्यावर सोपवलेलं काम आहे. उद्यान खात्याबरोबर प्राधिकरण जे प्रदर्शन भरवतं ते या दुसऱ्या कामाचा भाग आहे. माझ्या मते ते त्याचं सर्वांत चांगलं काम आहे, आणि प्रतिकृतींइतकीच मेहनत माहितीच्या पाट्यांवर घेतली तर ते आणखी चांगलं होईल.

पुण्यातही साधारण याच दिवसांत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन असतं. ते भरवणाऱ्या संस्थेचं नाव अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. मुंबईच्या बागेच्या इतिहासात वाचलेलं नाव पुण्याच्या फाटकावर भेटतं तेव्हा फार बरं वाटतं.

प्रदर्शनं नेमकी जानेवारी-फेब्रुवारीतच का भरतात, याचं उत्तर हवेत आहे. डेलिया, पिटुनिया ही थंडीची फुलं. मुंबईत जानेवारीतलं किमान तापमान सांताक्रूझला सरासरी १७ अंशांच्या आसपास उतरतं, कुलाब्याला त्याहून जरा वरच. एवढीच काय ती थंडी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पेरलं तर जानेवारीअखेर ताटवे भरात येतात, आणि मार्चच्या उन्हात माना टाकतात. माळ्यांच्या तीन-चार महिन्यांच्या कामाचं फळ जेमतेम काही आठवडे दिसतं.

नर्सऱ्यांचा हिशोबही या हवेनेच ठरवला. मुंबईतल्या नर्सऱ्यांमध्ये दिसणारा बराचसा माल पुण्याकडून, उरुळी कांचन-हडपसरच्या पट्ट्यातून येतो. तिथली हवा कोरडी, रात्री थंड. तिथे वाढलेला गुलाब टेम्पोतून मुंबईच्या दमट हवेत उतरतो तेव्हा त्याला धक्का बसतो, पानं पिवळी पडून गळतात, आणि आणणारा म्हणतो, आमच्या हाताला झाड लागत नाही. हाताचा दोष नसतो. बहुतेक रोपं कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात; ते एकदा पूर्ण सुकलं की आकसतं, कुंडीच्या कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मुळांशी कोरडंच. अशी कुंडी टबातल्या पाण्यात बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबले की काढावी. गुलाब घेताना डोळा भरलेली, म्हणजे कलम केलेली, जागा नीट बघून घ्यावी, आणि त्याच्या खाली मूळ जंगली खुंटाला फुटवा आला असेल तर तो काढून टाकावा, नाहीतर जंगली गुलाबच वाढत राहतो. वसईकडचा सोनचाफा, मोगरा, जाई-जुई यांना हा प्रवासाचा जाच नाही. ती समुद्राच्या हवेतच वाढलेली असतात. पहिल्यांदा झाड घेणाऱ्याला मी आधी मोगराच सांगते.

मुंबईच्या बाकीच्या बागांचा इतिहास बघताना एक गोष्ट सारखी दिसते. या शहराने बागेला चांगली मोकळी जमीन क्वचितच दिली. जिथे इमारत उभी राहू शकत नव्हती तिथे बाग झाली. मलबार हिलचं हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, पाण्याच्या टाकीच्या छपरावर आहे. प्राण्यांच्या आकारात कापलेल्या तिथल्या झुडपांखाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी साठवलेलं असतं. माझगावचं जोसेफ बाप्टिस्टा उद्यानही भंडारवाड्याच्या टाकीवरच. अपवाद दादर-माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सचा: १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीची किंमत दाखवून दिली, १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आली आणि तिने नवी वस्ती आखतानाच बागा आखल्या. एका साथीने शहराला शिकवलेलं हे शहाणपण फार काळ टिकलं नाही.

धारावीच्या कडेला, मिठी नदीकाठी असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर कचराभूमीवर उभं आहे. १९७७ मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं, कचऱ्यावर माती पसरून झाडं लावली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. सुमारे ३७ एकरांवर आज जंगल आहे. त्यांच्या रोपवाटिकेत देशी झाडांची रोपं मिळतात, आणि पावसाळ्याआधी तिथे एक चक्कर जरूर मारावी. कन्हैयालाल मुनशींनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून जुलै हा झाड लावायचा महिना ठरून गेला आहे. रोप मात्र जूनमध्येच बघून ठेवावं.

अशा मागून मिळालेल्या जागा पुन्हा मागितल्याही जातात. २००७ च्या सुमारास राणीच्या बागेचा परदेशी धर्तीवर कायापालट करायचा आराखडा आला. प्राण्यांसाठी मोठे पिंजरे, नव्या इमारती. जुन्या झाडांचं काय होणार, हा प्रश्न काही नागरिकांनी धरून ठेवला. त्यांनी झाडं मोजली, ओळखली, नकाशावर मांडली, सरकारदरबारी खेटे घातले. आराखड्याला कात्री लागली. ज्यांना उर्वशी आणि गोरखचिंच नावाने माहीत होती, तीच माणसं त्या झाडांसाठी भांडली. पुढे मलबार हिलची टाकी पाडून नव्याने बांधायचा प्रस्ताव आला तेव्हाही हँगिंग गार्डनमध्ये रोज फिरायला येणारेच पुढे सरसावले आणि प्रकरण तज्ज्ञांच्या समितीकडे गेलं.

वर्षभराचं बघण्यासारखं मग असं: जानेवारीअखेर पुष्पप्रदर्शन, त्यानंतर लगेच उर्वशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेने गुलाबी टॅबेबुइया. एप्रिलमध्ये बहावा, आणि महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे जांभळा तामण, आपलं राज्यफूल. मे महिन्यात गुलमोहर. पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तेरडा आणि कळलावी. तिथली कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली, आता पुढचा मोठा बहर २०३२ चा. राणीच्या बागेला बुधवारी सुट्टी असते, आणि प्रदर्शनाला जायचं तर शुक्रवारी सकाळी जावं. फुलं ताजी असतात, पाट्या वाचता येतात, आणि माळ्यांना चार प्रश्न विचारायला सवड मिळते.